भाव कळवता, मग कारणही कळवा

हिंगोली जिल्ह्यातल्या सेनगाव तालुक्याचे नाव मुंबई-पुण्याच्या वर्तमानपत्रांत येते तेव्हा बातमी बहुधा एकाच प्रकारची असते. ताकतोड्याच्या ग्रामस्थांनी गावच विक्रीला काढले, गोरेगावच्या शेतकऱ्यांनी कर्ज फेडण्यासाठी स्वतःचे अवयव विक्रीला काढले. या बातम्या छापून यायलाच हव्या होत्या, त्यात वाद नाही. पण याच तालुक्यातून दर हंगामात सोयाबीन, तूर, हरभरा आणि हळद बाहेर जाते. तो माल गोळा करणाऱ्या शेतकरी उत्पादक कंपन्या मराठवाड्यात जागोजागी उभ्या राहिल्या आहेत. त्यांचे गोदाम असते, काटा असतो, खरेदीदार असतात. त्यांच्याबद्दल बाहेरच्या माणसाला काही वाचायचे झाले तर फार तर एखाद्या उद्घाटनाचा फोटो सापडतो. हा लेख त्या कंपन्यांच्या संचालकांसाठी आहे, आणि गावात ज्यांना सगळे सरळ 'सीईओ साहेब' म्हणतात त्यांच्यासाठीही.

जनसंपर्क म्हणून आपल्याकडे जे चालते ते सगळ्यांना पाठ आहे. उद्घाटनाला पुढारी, दुसऱ्या दिवशी प्रेसनोट, दिवाळीला शुभेच्छांची पाव पान जाहिरात. यात कंपनी स्वतः काहीच बोलत नाही. तिच्या वतीने कोणीतरी चांगले बोलते आणि त्याची किंमत कंपनी या ना त्या रूपाने मोजते. जगभरच्या मोठ्या कंपन्यांनी साधारण २००४-०५ पासून आपापल्या संकेतस्थळांवर स्वतःच्या नावाने नियमित लिहायला घेतले आणि त्यांच्या जनसंपर्क खात्याची कामे उलटीपालटी झाली. बातमी छापून आणणे हे काम मागे पडले, आलेल्या प्रश्नाला वेळेत उत्तर देणे हे काम पुढे आले. कारण उघड आहे. जो दर आठवड्याला लिहितो, तो ज्या आठवड्यात लिहीत नाही त्या आठवड्याची लोक दखल घेतात. चांगला भाव मिळाला की चार ओळी टाकणारी कंपनी पेमेंट थकल्यावर गप्प बसली, तर त्या गप्प बसण्याचीच चर्चा पारावर होते. नियमित लिहिणे म्हणजे वाईट दिवशीही बोलण्याचा शब्द देणे. हा शब्द पाळायची तयारी नसेल तर सुरुवातच करू नका, जाहिरात द्या. ती स्वस्त पडेल.

कंपनीने स्वतः लिहिण्याची कल्पना काही परदेशातून आलेली नवलाई नाही. आपल्याकडे तिचा शंभर वर्षांपूर्वीचा नमुना आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लोखंडी नांगर बनवला तेव्हा लोखंडाने जमीन नासते, विषारी होते, असे शेतकरी मानत. सुरुवातीचे नांगर खपायलाच दोन वर्षे गेली असे सांगतात. पुढे १९१० मध्ये औंध संस्थानात कुंडलजवळ किर्लोस्करवाडी वसली, नांगराबरोबर उसाचे चरक आणि इतर अवजारे निघू लागली. १९२० मध्ये लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव, म्हणजे शं. वा. किर्लोस्कर, यांनी 'किर्लोस्कर खबर' हे मासिक काढले. कारखान्याचा माल, तो वापरणारे शेतकरी, विकणारे एजंट आणि बनवणारे कामगार यांना जोडणारे हे घरचे पत्र होते. नांगराची किंमत सांगणारी जाहिरात कुठेही देता आली असती. नांगर कसा धरायचा, फाळ झिजला तर काय करायचे, कोणत्या शेतकऱ्याला काय अनुभव आला, हे सांगायला स्वतःचीच जागा लागते.

पुढची गोष्ट आणखी बोलकी आहे. हे मासिक कारखान्यापुरते राहिले नाही. ते नुसते 'किर्लोस्कर' झाले, त्याच्या सोबतीला १९३० मध्ये 'स्त्री' आणि १९३४ मध्ये 'मनोहर' आले. सावरकरांचे विज्ञाननिष्ठ निबंध त्याच 'किर्लोस्कर'मधून वाचकांपुढे आले आणि त्यांवरून वादही पेटले. नांगर घेणारे गिऱ्हाईक बहुतेक श्रद्धाळू, आणि कंपनीच्या नावाचे मासिक रूढींवर आघात करणारे! आजचा कोणताही जनसंपर्क सल्लागार हे करू देणार नाही. मला मात्र वाटते, किर्लोस्कर हे नाव त्या काळात ज्या विश्वासाने घेतले गेले त्यात या धाडसाचा वाटा मोठा होता. तुम्ही लगेच समाजसुधारणेला लागा असा याचा अर्थ नाही. एवढेच ध्यानात घ्या की त्या मासिकात वाचकाला उपयोगी पडणारा मजकूर आधी होता, कंपनीची स्तुती नंतर.

आता सेनगावात येऊ. लिहायचे कोणासाठी? इथे बहुतेक कंपन्या पहिलीच चूक करतात. त्यांना वाटते, इंटरनेटवरचे आपले पान मुंबईच्या खरेदीदारासाठी आहे. मग मजकूर असा होतो: 'शेतकरी बांधवांच्या सर्वांगीण विकासाचा ध्यास घेऊन स्थापन झालेली आमची कंपनी गुणवत्तेच्या बाबतीत कोणतीही तडजोड करत नाही.' हे वाक्य साखर कारखान्याला, पतसंस्थेला, शिकवणी वर्गाला, कोणालाही चालते. म्हणून कोणीच ते वाचत नाही. सभासदासाठी लिहा. सोयाबीन रिसोडला न्यायचे, हिंगोलीला की तुमच्या काट्यावर, हे ज्याला उद्या सकाळी ठरवायचे आहे त्याच्यासाठी लिहा. बाहेरचा खरेदीदार, बँकेचा अधिकारी, कृषी विभागाचा माणूस हे तुमचे सभासदांसाठीचे लिखाण चोरून वाचल्यासारखे वाचतील आणि त्यावरच विश्वास ठेवतील. स्वतःच्या माणसांना तुम्ही काय सांगता यावरून बाहेरचा माणूस तुमची पारख करतो.

उदाहरण म्हणून आर्द्रतेचा वाद घ्या. ऑक्टोबरात ओले सोयाबीन काट्यावर येते, मशीन १५ दाखवते, कपात होते आणि शेतकरी गाडीवर बसता बसता म्हणतो, "झाली लूट." कंपनी भाव कळवते, कपात कळवते, कारण कळवत नाही. कारण तसे अवघड नाही. हमीभावाच्या खरेदीत सोयाबीनची आर्द्रता साधारणपणे १२ टक्क्यांपर्यंत धरतात. १५ टक्के आर्द्रतेच्या १०० किलो मालात कोरडा माल ८५ किलो. तोच माल १२ टक्क्यांपर्यंत वाळवला तर वजन भरते ८५ भागिले ०.८८, म्हणजे साधारण ९६ किलो ६०० ग्रॅम. वजनातली रास्त घट झाली ३ किलो ४०० ग्रॅम. २०२५-२६ च्या ५,३२८ रुपयांच्या हमीभावाने तिची किंमत १८० रुपयांच्या आसपास. आता तुमची कपात याहून जास्त असेल तर जास्तीचे पैसे कशाचे, वाळवणीचे, हमालीचे की साठवणीतल्या जोखमीचे, ते लिहून टाका. लिहिताना अडखळलात तर कपातच चुकीची आहे असे समजा आणि आधी ती दुरुस्त करा. हा लिखाणाचा एक फायदा कोणी सांगत नाही: जे सभासदाला समजावून सांगता येत नाही ते संचालक मंडळालाही नीट समजलेले नसते.

हळदीत लिहिण्यासारखे याहून जास्त आहे. ओल्या कंदापासून वाळलेली हळद जातीनुसार साधारण १८ ते २५ टक्के निघते. ज्याला हे माहीत नाही त्या शहरी गिऱ्हाइकाला किलोचा भाव नेहमी जास्तच वाटणार. शिजवणे, उन्हात वाळवणे, ढोलात पॉलिश करणे, कांडी आणि गट्टू वेगळे करणे, मग हिंगोलीच्या संत नामदेव मार्केट यार्डात बोली, यातल्या प्रत्येक टप्प्यावर माल का बिघडतो आणि का सुधारतो ते तुमच्या माणसांना तोंडपाठ आहे. तेच लिहा, फोनवर काढलेले फोटो लावा. कुरकुमिनचा आकडा सांगायचा तर प्रयोगशाळेचे नाव, तारीख आणि कोणत्या लॉटचा नमुना होता हे सोबत द्या. नुसते 'उच्च कुरकुमिनयुक्त' म्हणू नका.

इथे दोन ठिकाणी पाय घसरतो. पहिले, रोग बरे करण्याचे दावे. हळदीने मधुमेह जातो, कर्करोग जातो असे कंपनीच्या पानावर लिहिणे म्हणजे १९५४ च्या औषधे व जादूचे उपाय कायद्याच्या कक्षेत स्वतःहून चालत जाणे. शिवाय २००६ च्या अन्न सुरक्षा व मानके कायद्यात दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला १० लाखांपर्यंत दंड आहे. तुम्ही त्याला लेख म्हणालात तरी माल तुमचाच विकायचा आहे, त्यामुळे ती जाहिरातच धरली जाऊ शकते. दुसरे, मानांकन. वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळाले म्हणून जिल्ह्यातल्या कोणत्याही पाकिटावर ते नाव टाकता येत नाही. ठरलेल्या क्षेत्रातला उत्पादक असावा लागतो आणि अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद करावी लागते. जवळच आहोत म्हणून चालते असे होत नाही.

लिहायचे कोणी, याचे उत्तर बहुतेकदा 'पुण्याला असलेला पुतण्या' असे येते, कारण त्याला कॉम्प्युटर येतो. पुतण्याने पान तयार करून द्यावे, अक्षरे दुरुस्त करावीत, हवे तर इंग्रजी करून द्यावे. पण मजकूर काट्यावर उभ्या असणाऱ्याचा हवा. त्याला लिहायचा कंटाळा असेल तर संध्याकाळी गोदाम बंद करताना फोनवर पाच मिनिटे बोलायला लावा आणि ते दुसऱ्याने उतरवून घ्यावे. खाली त्याचे नाव यावे. 'व्यवस्थापन' या नावाने कोणी रागावत नाही आणि कोणी विश्वासही ठेवत नाही. भाषा इथली ठेवा. समजा असे लिहिले: 'मंगळवारी लाईट गेली, काटा तीन तास बंद होता. रांगेतल्या गाड्या बुधवारी सकाळी आधी घेतल्या. ज्यांना परत जावे लागले त्यांनी टोकन दाखवावे, त्यांचा नंबर तोच राहील.' यात एकही सजावटीचा शब्द नाही, आणि रांगेत उभ्या राहिलेल्या माणसाला हवे ते सगळे आहे.

व्हॉट्सॲपवर ग्रुप आहे, मग वेगळे पान कशाला, असे विचारले जाते. ग्रुपवर टाकलेला हिशेब सकाळच्या शुभप्रभातांखाली दोन तासांत गाडला जातो आणि सहा महिन्यांनी कोणालाच सापडत नाही. कंपनीचे लिखाण तारखेसह एका जागी राहिले पाहिजे. ग्रुपवर त्याचा दुवा द्या, आणि छापील प्रत गोदामाच्या भिंतीवर लावा, कारण ज्यांच्या नावावर सात-बारा आहे ते सगळे फोनवर वाचत बसत नाहीत. चूक झाली तर मजकूर पुसू नका. खाली तारीख घालून दुरुस्ती लिहा. कोणीतरी जुन्या मजकुराचा स्क्रीनशॉट ठेवलेला असतोच. आणि सभासदाचे नाव, फोटो, त्याला मिळालेली रक्कम हे त्याला विचारल्याशिवाय छापू नका. अमक्याला चार लाख मिळाले हे गावाला कळल्यावर त्याच्या दारात कोण कोण उभे राहते, हे मी सांगायला नको.

पुढाऱ्यांच्या वाढदिवसांबद्दल जरा स्पष्ट बोलावे लागेल. आपल्या कंपन्यांच्या संचालकांत निम्मे लोक कोणत्या ना कोणत्या पक्षात असतात, त्यात गैर काही नाही. पण कंपनीच्या पानावर एकदा का एका साहेबांचा वाढदिवस झळकला की दुसऱ्या साहेबांचा न झळकणे ही भूमिका ठरते. दोघांचेही टाकले तर पान म्हणजे चौकातला फ्लेक्स होते. पहिल्याच बैठकीत ठराव करा की कंपनीच्या पानावर व्यक्तींना शुभेच्छा नाहीत. अध्यक्षांनाही नाहीत.

तालुक्याच्या वार्ताहराशी संबंध यामुळे कमी होत नाहीत, उलट सुधारतात. त्याला प्रेसनोट नको असते, बातमी हवी असते. जनसंपर्काच्या धंद्याचा एक मूळपुरुष मानला जाणारा आयव्ही ली याने १९०६ मध्ये अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया रेल्वेचा अपघात झाल्यावर लपवाछपवी करण्याऐवजी पत्रकारांना रेल्वेच्याच खर्चाने घटनास्थळी नेले आणि कंपनीची माहिती लेखी दिली. तेव्हा ते अजब वाटले होते. तुम्हीही वार्ताहराला गोदामात बोलवा, मशीन हातात द्या, आकडे तुमच्या पानावर आहेतच. मात्र स्वतःचे पान आहे म्हणून पत्रकाराची गरज संपली अशा भ्रमात राहू नका. तो जो प्रश्न विचारेल तो तुम्ही स्वतःला कधीच विचारणार नाही. आणि पाकिटाची सवय कोणालाही लावू नका.

आता तो वाईट दिवस. सभासदांचे पेमेंट दहा दिवसांत द्यायचे ठरले होते, खरेदीदाराने पैसे अडवले, पंधरावा दिवस उजाडला. नेहमीची पद्धत म्हणजे सीईओचा फोन बंद. त्याऐवजी त्या संध्याकाळी चार गोष्टी लिहा: किती लोकांचे किती पैसे अडले, कशामुळे अडले, आजवर आपण काय केले, आणि पुढची माहिती कोणत्या दिवशी किती वाजता देऊ. पैसे कधी येतील याची खात्री नसेल तर तारीख देऊ नका, पण पुढच्या माहितीची वेळ नक्की द्या आणि ती पाळा, सांगण्यासारखे नवे काही नसले तरी. ते वाचून शिव्या पडतील. शिव्यांमधला प्रश्न शोधा आणि त्याला उत्तर द्या. सुराला उत्तर देऊ नका. एकच प्रश्न तिसऱ्यांदा आला की त्यावर वेगळे लिहा.

दोष दुसऱ्यावर ढकलण्याचा मोह मोठ्यांनाही आवरत नाही. ऑक्टोबर २००३ मध्ये मुंबईत कॅडबरीच्या चॉकलेटांत अळ्या सापडल्या आणि राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाने कारवाई केली, तेव्हा कंपनीने आधी दुकानदारांच्या साठवणुकीकडे बोट दाखवले. त्याने गिऱ्हाइकाचे समाधान झाले नाही. मग दुकानदारांपर्यंत जाऊन साठवण शिकवणारा 'विश्वास' प्रकल्प आला, जानेवारी २००४ मध्ये नवे बंदिस्त वेष्टन आले आणि अमिताभ बच्चन जाहिरातीत आले. लोकांना आठवतो तो बच्चन. पण माल सावरला तो वेष्टनाने. तुमच्याकडे बच्चन नाही, त्यामुळे वेष्टनापासूनच सुरुवात करावी लागेल, म्हणजे जे बिघडले ते दुरुस्त करावे लागेल, नुसते लिहून भागणार नाही.

खोट्या नावाने लिहू नका. संचालकाच्या मेहुण्याने 'एक समाधानी शेतकरी' म्हणून स्तुती करायची, हा प्रकार तालुक्याच्या गावी अर्धा दिवससुद्धा टिकत नाही. मोठ्या देशातही टिकला नाही. २००६ मध्ये अमेरिकेत एक जोडपे गाडीने फिरत वॉलमार्टच्या दुकानांबद्दल गोड गोड लिहीत होते. त्या प्रवासाचा खर्च वॉलमार्टशी संबंधित गटाकडून येत होता आणि मागे एडेलमन ही नावाजलेली जनसंपर्क संस्था होती, हे बाहेर आले. एडेलमनच्या प्रमुखांना जाहीर माफी मागावी लागली. जनसंपर्कात ज्यांची हयात गेली त्यांची ही गत, तर मेहुण्याची काय कथा.

किती लोकांनी 'लाइक' केले ते मोजू नका. 'आज भाव काय' आणि 'माझे पैसे कधी' असे विचारणारे फोन कमी झाले का, ते सीईओला विचारा. तेवढे पुरे.

सुरुवात हळद काढणीच्या आधी, जानेवारीत करा. हंगाम सुरू झाल्यावर कोणाला वेळ नसतो. पहिला मजकूर तुमच्या काट्यावरच्या सगळ्या कपातींचा, रुपयांत. दुसरा मागच्या वर्षी कोणत्या लॉटला चांगला भाव मिळाला नाही आणि का, याचा. तिसरा पेमेंटची पद्धत: माल टाकल्यापासून खात्यात पैसे येईपर्यंत कोणाकोणाची सही लागते आणि ती कुठे अडते. त्याआधी संचालक मंडळाच्या बैठकीत तीन नावे ठरवून इतिवृत्तात घाला: लिहिणार कोण, छापण्यापूर्वी आकडे तपासणार कोण, आणि अडचणीच्या दिवशी अध्यक्षांचा फोन लागला नाही तरी मजकूर टाकण्याचा अधिकार कोणाला. तिसरे नाव ठरवताना बैठक लांबेल. लांबू द्या, पण ते नाव लिहिल्याशिवाय उठू नका.